बांध सर्वांचा, खर्च कोणाचा?
इंटरनेटच्या मार्गांची सुरक्षितता, तिचे मोल आणि ती न मागणारा ग्राहक

पेण तालुक्यातील गडब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर डोलवी आणि कासू यांच्या दरम्यान वसलेले असून, अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या काठाने पसरलेल्या खारेपाटाचा ते एक भाग आहे. या पट्ट्यातील भातशेती भरतीच्या पातळीला इतकी लगटून आहे की उधाणाचे पाणी आणि उभे पीक यांच्यामध्ये मातीच्या बांधाखेरीज दुसरे काहीही नसते. बाहेरचा बांध एका जागी फुटून खांड पडली, तर खारे पाणी त्या बांधालगतच्या शेतापाशी थांबत नाही. ते एकामागून एक खाचर ओलांडत शिवारभर पसरते आणि जमिनीत मुरलेला खार धुऊन निघायला पुढचे पावसाळे जावे लागतात. म्हणूनच या भागात पिढ्यान्‌पिढ्या एक प्रश्न विचारला गेला आहे, की बांध राखतो सर्वांना, पण त्याची डागडुजी कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा?

गडबच्या महामार्गालगतच्या दुकानात क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला, पेणच्या महाविद्यालयाचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा हमरापूर आणि जोहे येथे गणेशमूर्ती घडवून परदेशातल्या मंडळाची मागणी फोनवर पक्की करणाऱ्या कारखानदाराला हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात लागू होतो, मात्र त्यांच्यापैकी कोणालाही तो विचारावासा वाटलेला नाही. त्यांचे संदेश ज्या मार्गांनी जगभर जातात, त्या मार्गांचा खरेखोटेपणा पडताळण्याची साधने तयार आहेत आणि त्यांतली बहुतेक मोफत आहेत. तरीही ती सर्वत्र वापरली जात नाहीत. याची कारणे तंत्रज्ञानापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडतात.

दवंडीवर चाललेला कारभार

इंटरनेट हे एकच एक जाळे नसून सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र जाळ्यांची ती आपसातली जोडणी आहे. दूरसंचार कंपन्या, बँका, विद्यापीठे, सरकारी खाती, जिल्ह्यापुरती सेवा देणारे छोटे पुरवठादार अशा प्रत्येकाचे स्वतःच्या कारभाराखालचे जे जाळे असते, त्याला स्वायत्त जाळे म्हणतात आणि त्याला एक क्रमांक दिलेला असतो. प्रत्येक स्वायत्त जाळ्याकडे इंटरनेटवरील पत्त्यांचे काही गट असतात, आणि ‘हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांच्यासाठीचे टपाल माझ्याकडे पाठवा’ असे ते शेजारच्या जाळ्यांना कळवते. शेजारी तीच वार्ता आपल्या शेजाऱ्यांना सांगतात आणि काही मिनिटांत ती जगभर पोहोचते. गावच्या दवंडीशी मिळत्याजुळत्या या पद्धतीचे नियम ज्या संकेतव्यवस्थेत बांधलेले आहेत तिला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजेच बीजीपी, असे नाव आहे. जानेवारी १९८९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन शहरात भरलेल्या एका बैठकीत, जेवणाच्या टेबलावर, सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी कागदी रुमालांवर तिचा पहिला आराखडा मांडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती प्रसिद्ध झाली. तेव्हा जोडलेली जाळी मोजकी होती आणि ती चालवणारे लोक एकमेकांना नावाने ओळखत होते. त्यामुळे दवंडी पिटणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हे तपासण्याची तरतूद त्या आराखड्यात नव्हती आणि तिची उणीवही कोणाला भासली नाही. त्यानंतर जाळ्यांची संख्या अनेक पटींनी वाढली, मार्गांची जागतिक यादी नऊ लाख नोंदींच्या पलीकडे गेली, पण विश्वासावर चालण्याची ती मूळ रीत मात्र तशीच राहिली.

या व्यवस्थेचा आणखी एक नियम समजून घेतल्याशिवाय धोक्याचे स्वरूप ध्यानात येत नाही. पेणहून दक्षिणेकडे निघालेल्या वाहनचालकाला वडखळ नाक्यावर दोन फाटे लागतात, एक पोयनाडमार्गे अलिबागकडे जाणारा आणि दुसरा डोलवी, गडब, नागोठणेमार्गे गोव्याकडे जाणारा. समजा, तेथे एका फलकावर ‘पेण तालुक्याचा दक्षिण भाग’ असे मोघम लिहिले आहे आणि दुसऱ्या फलकावर ‘गडब’ असे नेमके नाव आहे; गडबला निघालेला चालक साहजिकच नेमक्या नावाचा फलक पाळणार, मग तो फलक कोणी का लावलेला असेना. मार्ग ठरवणारे राउटर हे यंत्रही तेच करते, म्हणजे एकाच पत्त्यासाठी दोन दवंड्या ऐकू आल्या तर मोठ्या गटाच्या दवंडीपेक्षा लहान आणि नेमक्या गटाची दवंडी ते प्रमाण मानते. मोठ्या गटाच्या खऱ्या मालकापेक्षा त्यातल्या लहान गटावर हक्क सांगणारा तोतया अशा वेळी वरचढ ठरतो.

मार्गांना पडलेल्या खांडी

हा दोष केवळ कागदावरचा नाही. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतील ७००७ क्रमांकाच्या एका छोट्या जाळ्यातून इतरांच्या पत्त्यांवर हक्क सांगणाऱ्या हजारो दवंड्या बाहेर पडल्या आणि इंटरनेटचा मोठा भाग काही काळ विस्कळीत झाला. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत आदेशानुसार यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांतील एका लहान गटाची स्वतःच दवंडी पिटली; यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ या १,०२४ पत्त्यांच्या गटाची घोषणा करत होते, तर पाकिस्तानातून त्यातल्याच २०८.६५.१५३.०/२४ या २५६ पत्त्यांची घोषणा झाली. ती देशाच्या सीमेत थांबायला हवी होती, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या मोठ्या पुरवठादाराने न तपासता ती पुढे पाठवली आणि जगभरातून यूट्यूबकडे निघालेले संदेश सुमारे दोन तास पाकिस्तानच्या दिशेने वळत राहिले.

महाराष्ट्रातील वाचकाने या घटना दूरदेशच्या म्हणून बाजूला ठेवण्याचे कारण नाही. १२ मार्च २०१५ रोजी मुंबईत मुख्यालय असलेल्या हॅथवेच्या जाळ्यातून गूगलचे तीनशेहून अधिक मार्ग चुकून भारती एअरटेलकडे गेले आणि तेथून पुढे पसरले, त्यामुळे अनेक देशांत गूगलच्या सेवा काही काळ अडखळल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला भारती एअरटेलच्या ९४९८ क्रमांकाच्या जाळ्याने इतरांच्या मालकीच्या सुमारे सोळा हजार गटांची घोषणा स्वतःच्या नावावर केली. आणि १६ एप्रिल २०२१ रोजी मुंबईतूनच कारभार चालणाऱ्या व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० क्रमांकाच्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक गटांवर हक्क सांगणाऱ्या दवंड्या बाहेर पडल्या. परक्यांचे संदेश आपल्याकडे ओढून घेतल्यामुळे त्या जाळ्यात शिरणारी रहदारी नेहमीच्या तेरापट झाल्याचे मार्गांवर नजर ठेवणाऱ्या विश्लेषकांनी नोंदवले. या तिन्ही प्रसंगांकडे जाणकारांनी हेतुपुरस्सर केलेला हल्ला म्हणून नव्हे, तर जुळणीतील चूक म्हणून पाहिले, आणि याच कारणासाठी ते अधिक विचार करायला लावतात. उधाणाला वैरभाव नसतो. बांध कच्चा असेल तेथून पाणी आत येते, इतकेच.

हेतू वाईट असेल तेव्हा काय होते, याचे उदाहरण २४ एप्रिल २०१८ रोजी दिसले. ॲमेझॉनच्या नावे नोंदलेल्या काही पत्त्यांवर त्या दिवशी परक्या जाळ्याने सुमारे दोन तास हक्क सांगितला; हे पत्ते संकेतस्थळांची नावे अंकी पत्त्यांत बदलून देणाऱ्या सेवेचे होते. त्या काळात मायइथरवॉलेट या आभासी चलनाच्या संकेतस्थळाकडे निघालेले ग्राहक हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळावर पोहोचले आणि सुमारे दीड लाख डॉलरचे चलन लुबाडले गेले. संदेश कुलूपबंद करून पाठवण्याची जी पद्धत बँका आणि यूपीआय वापरतात, तिच्यामुळे मार्ग वळला तरी आतला मजकूर सहसा वाचता येत नाही, हे खरे आहे. परंतु २०१८ च्या प्रसंगात ब्राउझरने दिलेला इशारा डावलून पुढे गेलेले ग्राहकच फसले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दक्षिण कोरियात क्लेस्वॉप या चलनबाजाराच्या ग्राहकांना लुटणाऱ्यांनी मार्ग वळवून त्याच आधारे खरे भासणारे प्रमाणपत्रही मिळवले होते. शिवाय कुलूप कितीही भक्कम असले तरी वाट चुकलेला संदेश मुक्कामाला पोहोचत नाही, आणि दुकानदाराच्या दृष्टीने अडकलेला व्यवहार हेच नुकसान असते.

पत्त्यांचा सातबारा

या दुखण्यावरचा उपाय रिसोर्स पब्लिक की इन्फ्रास्ट्रक्चर, संक्षेपाने आरपीकेआय, या नावाने ओळखला जातो. त्याची कल्पना महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सहज समजण्याजोगी आहे. जमीन कोणाची हे जसे सातबारा सांगतो, आणि १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागल्यावर त्याचा खरेपणा कोणालाही तपासता येऊ लागला, तसाच इंटरनेटच्या पत्त्यांचाही स्वाक्षरीबद्ध उतारा तयार करता येतो. जगातील पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात. आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था एपीनिक ब्रिस्बेन येथे आहे, आणि भारतात तिच्या व्यवस्थेअंतर्गत हे काम आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी २०१२ पासून करते. ही नोंदणी ज्या संस्थेकडे आहे, ती नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया २००३ मध्ये स्थापन झाली.

पत्तेधारक जो उतारा तयार करतो त्याला आरओए म्हणतात आणि त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात, म्हणजे पत्त्यांचा गट कोणता, त्याची दवंडी पिटण्याचा अधिकार कोणत्या क्रमांकाच्या जाळ्याला आहे, आणि त्या गटाचे जास्तीत जास्त किती बारीक तुकडे पाडून घोषणा करता येईल. २००८ साली यूट्यूबच्या गटासाठी असा उतारा असता आणि तो तपासला गेला असता, तर पाकिस्तानातून आलेली दवंडी क्रमांकावर आणि तुकड्याच्या आकारावर, अशा दोन्ही कसोट्यांवर खोटी ठरली असती. उतारा तयार करणे हे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे काम, म्हणजे आलेली प्रत्येक दवंडी उताऱ्याशी ताडून पाहणे आणि विसंगत ठरलेली नाकारणे, हे इतर जाळ्यांनी करायचे असते. उतारा आणि पडताळणी यांची ही फारकत पुढच्या सगळ्या अर्थकारणाच्या मुळाशी आहे.

या व्यवस्थेची मर्यादाही सांगायला हवी. जमिनीचा मालक कोण हे सातबारा सांगतो, पण त्या जमिनीकडे नेतो म्हणणारा वाटाड्या खरा आहे का, हे सांगत नाही. तसेच आरओए दवंडीचा उगम तपासते, मधल्या वाटेचा खरेपणा तपासत नाही. संपूर्ण वाटेवर टप्प्याटप्प्याने स्वाक्षरी घेणारी बीजीपीसेक ही पद्धत २०१७ मध्ये प्रमाणित झाली, परंतु तिच्यासाठी प्रत्येक राउटरला सतत गणिती स्वाक्षऱ्या कराव्या आणि तपासाव्या लागतात आणि वाटेतल्या एका जाळ्याने ती स्वीकारली नाही तरी साखळी तुटते; म्हणून ती व्यवहारात रुजली नाही. कोणाचा पुरवठादार कोण हे स्वाक्षरीने जाहीर करणारी, खर्चाने हलकी अशी आस्पा नावाची पद्धत आता आकाराला येत आहे.

खर्चाचा खरा हिशोब

मार्गांच्या सुरक्षिततेला फार पैसा लागतो, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो बहुतांशी चुकीचा आहे. उतारे तयार करण्याची सोय नोंदणी संस्थेच्या सभासदत्वातच मिळते. दवंड्या तपासण्यासाठी लागणारी रूटिनेटर, आरपीकेआय-क्लायंट यांसारखी संगणकप्रणाली मोफत आणि खुली आहे. ती चालवायला साधा संगणक पुरतो, आणि एक बंद पडला तरी काम अडू नये म्हणून दोन ठेवले की झाले. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मोठ्या राउटरांत ही पडताळणी करण्याची सोय असते. जुनी यंत्रे बदलावी लागतात, पण ती वेगाच्या वाढत्या गरजेमुळे तशीही बदलली जातात.

खर्च खरा होतो तो माणसांवर आणि वेळेवर. कित्येक वर्षांत जोडत गेलेल्या जाळ्यात कोणता गट कोणत्या ग्राहकाला दिला, कोणता दुसऱ्या शहरातून घोषित होतो, कोणता कोणाकडून भाड्याने आणला, याची चोख नोंद पुष्कळदा कोणाकडेच नसते, आणि ती नोंद लावणे हेच उतारा तयार करण्यातले सर्वांत किचकट काम असते. वारसनोंदी रखडलेल्या जमिनीचा उतारा काढायला गेलेल्या माणसाला याची चांगली कल्पना येईल. नोंद चुकली तर दंडही स्वतःलाच बसतो, कारण चुकीच्या उताऱ्यामुळे स्वतःचीच खरी दवंडी जगभर खोटी ठरते. उताऱ्यांच्या किल्ल्या सांभाळण्यातील हयगयही तितकीच महागात पडते. ३ जानेवारी २०२४ रोजी स्पेनमधील ऑरेंज कंपनीच्या नोंदणी खात्याचा सहज ओळखता येण्याजोगा परवलीचा शब्द चोरून एका हल्लेखोराने तेथे बनावट उतारे तयार केले आणि त्यामुळे कंपनीचीच सेवा काही तास कोलमडली.

याहून अवघड आहे तो व्यापारी हिशोब. जिल्ह्यात सेवा देणाऱ्या एखाद्या पुरवठादाराने खोट्या दवंड्या नाकारायला सुरुवात केली, आणि परदेशातील एखाद्या संस्थेने स्वतःच्या उताऱ्यात चूक केलेली असली, तर त्या संस्थेचे संकेतस्थळ या पुरवठादाराच्या ग्राहकांना दिसेनासे होते, मात्र पडताळणी न करणाऱ्या शेजारच्या पुरवठादाराकडे ते व्यवस्थित दिसत राहते. ग्राहकाचा फोन येतो तो ‘त्यांच्याकडे चालते, तुमच्याकडेच का बंद?’ असे विचारणारा, आणि चूक तिसऱ्याची आहे हे समजावून सांगेपर्यंत तो कनेक्शन बदलायच्या तयारीला लागलेला असतो. काळजी घेणाऱ्याला अशी झळ बसते, तर उलट त्याने स्वतःच्या उताऱ्यांवर घेतलेल्या मेहनतीचा लाभ इतर जाळी पडताळणी करतील तेव्हाच मिळतो. आपल्या हद्दीतला बांध आपण घालायचा आणि त्याचा उपयोग मात्र शेजाऱ्याच्या बांधावर अवलंबून, अशी ही स्थिती असल्यामुळे प्रत्येकाला थांबून राहणे शहाणपणाचे वाटते.

हे चक्र फिरले ते मोठ्या मध्यवर्ती पुरवठादारांमुळे. अमेरिकेतील एटी अँड टीने फेब्रुवारी २०१९ मध्ये खोटे ठरलेले मार्ग नाकारायला सुरुवात केली, पुढच्या काही वर्षांत इतर मोठी जाळीही त्या वाटेने गेली, आणि १ मे २०२४ रोजी आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीतील निम्म्याहून अधिक मार्गांना उताऱ्याचे संरक्षण मिळाल्याचे नोंदवले गेले. खोटे ठरलेले मार्ग आता इतर मार्गांच्या तुलनेत निम्म्याने ते दोन-तृतीयांशाने कमी पसरतात, असे मोजणीतून दिसून आले आहे. मूठभर मोठ्यांनी बाहेरचा बांध बळकट केला की आतल्या शेकडो शेतांना आपोआप आडोसा मिळतो, हे यातून दिसते. पण अर्ध्या मार्गांना संरक्षण आहे याचाच दुसरा अर्थ असा की उरलेला मोठा भाग उघडा आहे.

न विचारला जाणारा प्रश्न

बाजारात एखादी गोष्ट टिकायची तर ती मागणारा ग्राहक लागतो. गडब-पेण पट्ट्यातील घरगुती ग्राहक इंटरनेट घेताना वेग किती, महिन्याचे भाडे किती, सोबत कोणत्या वाहिन्या मिळतील आणि तार तुटली तर माणूस कधी येईल, हे चार प्रश्न विचारतो, आणि ते योग्यच आहेत, कारण त्यांची उत्तरे त्याला अनुभवाने पडताळता येतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा विजेचे खांब आणि मनोरे कोसळून जिल्ह्याच्या मोठ्या भागाचा संपर्क तुटला, आणि खांब, मनोरे, पर्यायी वीज यांची मागणी त्यानंतर आपसूक पुढे आली. मार्ग चुकण्याचे तसे नसते. पडलेला खांब दिसतो, पण वळवलेला मार्ग दिसत नाही. ग्राहकाला दिसते ते फक्त फिरत राहणारे चक्र, आणि त्याचा दोष तो फोनला, ॲपला किंवा बँकेला देऊन मोकळा होतो.

ग्राहकाला दोन वस्तूंमधला फरक ओळखता येत नसेल तर चांगल्या वस्तूला जादा किंमत मिळत नाही आणि ती हळूहळू बाजारातून हटते, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले होते, आणि मार्गांच्या सुरक्षिततेला त्यांचे विवेचन तंतोतंत लागू पडते. मार्गांच्या काळजीचे किमान दंडक पाळण्याचे वचन देणारा मॅनर्स हा उपक्रम २०१४ मध्ये इंटरनेट सोसायटीच्या पुढाकाराने चालू झाला. त्याच्यासाठी २०१७ मध्ये ४५१ रिसर्च या संस्थेने केलेल्या पाहणीत उद्योगांनी सुरक्षित मार्ग देणाऱ्या पुरवठादाराला जास्त पैसे मोजण्याची तयारी दर्शवली, मात्र हा उपक्रम फारच थोड्यांना ठाऊक होता. म्हणजे इच्छा आहे, पण ती व्यक्त करायला शब्द नाहीत. आणि ज्याला नाव नाही ते कोणी मागत नाही, जे कोणी मागत नाही ते दरपत्रकात येत नाही.

येथे घरगुती ग्राहकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. महिन्याला काही शे रुपये भरणाऱ्या कुटुंबाने पुरवठादाराच्या राउटरची जुळणी तपासावी, अशी अपेक्षा करणे म्हणजे बँकेत पैसे ठेवणाऱ्याने तिजोरीचे पोलाद तपासावे असे म्हणण्यासारखे आहे. छोट्या पुरवठादाराचीही अडचण खरी आहे. भारतात इंटरनेट सेवेचे परवाने देशव्यापी, राज्यस्तरीय आणि साधारणतः जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचे अशा तीन वर्गांत दिले जातात. तिसऱ्या वर्गातील पुष्कळ पुरवठादार एकाच मोठ्या कंपनीकडून घाऊक बँडविड्थ घेऊन ती गावोगाव वाटतात आणि त्यांच्याकडे मार्गांचे तंत्र जाणणारा माणूस असलाच तर एखादाच असतो, आणि तारा जोडण्यापासून बिले वसूल करण्यापर्यंतची कामेही तोच पाहतो. त्याच्या वतीने पडताळणी करण्याची जबाबदारी घाऊक विक्रेत्यावर येते, आणि तो विक्रेता ती पार पाडतो का, हे विचारण्याचे बळ एकट्या छोट्या खरेदीदाराकडे नसते.

ज्या देशाने बांध ओळखला

हे बळ कोठून येऊ शकते, याचे उत्तर देणारा एक देश आहे, आणि त्याची भूमी खारेपाटाशी नाते सांगणारी आहे. नेदरलँड्सचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली असून तेथे बांध आणि कालवे राखण्यासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळे काम करीत आली आहेत; जमीनधारकांनी वर्गणी द्यायची, प्रतिनिधी निवडायचे आणि बांधाची देखरेख समाईक ठेवायची, ही तेथली जुनी रीत आहे. त्याच देशाने २०१९ मध्ये आरपीकेआयचा समावेश सरकारी खात्यांसाठी ‘पाळा, अथवा न पाळण्याचे कारण द्या’ या स्वरूपाच्या मानकांच्या यादीत केला. त्यामुळे सरकारी खाते जेव्हा इंटरनेट सेवा विकत घेते तेव्हा मार्गांच्या सुरक्षिततेची अट खरेदीच्या कागदावरच येते, आणि सरकारसाठी एकदा बसवलेली व्यवस्था पुरवठादाराच्या इतर सर्व ग्राहकांनाही वेगळा आकार न देता मिळते. रूटिनेटर ही मोफत प्रणाली ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्ज या संस्थेने तयार केली, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेने असे पाऊल बऱ्याच उशिरा टाकले. तेथील राष्ट्रीय सायबर संचालकांच्या कार्यालयाने मार्गसुरक्षेचा आराखडा सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला.

सामाईक साधनसंपत्ती सरकारी सक्ती किंवा खासगी मालकी यांशिवाय राखलीच जाऊ शकत नाही, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील पाणीवाटप, मासेमारी आणि कुरणे यांच्या अभ्यासातून खोडून काढला आणि त्यासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नियम वापरणाऱ्यांनी ठरवलेले असावेत, देखरेख दिसणारी असावी आणि नियम मोडणाऱ्याला त्याची झळ पोहोचावी, हे त्यांनी नोंदवलेले विशेष मार्गांच्या जगालाही लागू पडतात. पेण परिसराला हे नवे नाही. खारभूमीसाठी मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये कायदा केला, पेण येथे खारभूमी विकास खात्याचे विभागीय कार्यालय आले. तरीही उधाणाच्या रात्री खांड पडते तेव्हा पहिली टोपली घेऊन धावते ते गावच, कारण कार्यालय उघडेपर्यंत भरती थांबत नाही. सरकारी कायदा आणि गावची दक्षता यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही, हा तेथला धडा आहे.

त्याच धड्याच्या आधारे काय करता येईल, हे पुरेसे स्पष्ट आहे. ग्रामपंचायतींना फायबरने जोडणारी भारतनेट योजना, जिल्हा प्रशासन, सहकारी बँका, महाविद्यालये, रुग्णालये आणि खाडीकाठचे मोठे कारखाने हे सर्व इंटरनेटचे मोठे खरेदीदार आहेत, आणि त्यांच्या निविदांमध्ये वेग, दर आणि दुरुस्तीचा कालावधी यांसोबत आणखी दोन वाक्ये सहज मावतात. पुरवठादाराने आपल्या सर्व पत्त्यांचे वैध उतारे प्रसिद्ध केलेले असावेत, हे पहिले वाक्य. आणि त्याने, तसेच त्याच्या घाऊक विक्रेत्याने, उताऱ्याशी विसंगत ठरणारे मार्ग नाकारावेत, हे दुसरे. या दोन्ही गोष्टी बाहेरून तपासता येतात, त्यासाठी पुरवठादाराच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. आणि ब्राउझरवर एक मोफत चाचणी चालवून घरगुती ग्राहकही आपला पुरवठादार पडताळणी करतो की नाही हे मिनिटभरात पाहू शकतो. त्या चाचणीचे उत्तर ‘नाही’ आले तर बिल वसूल करायला आलेल्या माणसाला त्याचे कारण विचारणे, एवढे काम मात्र ग्राहकाने अंगावर घ्यायला हवे, कारण एकाच आठवड्यात दहा घरांतून तोच प्रश्न ऐकलेला पुरवठादार घाऊक विक्रेत्याला तो विचारल्याशिवाय राहणार नाही.

असा आग्रह धरण्यात थोडा खर्च आहे, आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नोंदी लावायला माणूस लागेल, त्याला शिकवावे लागेल, सुरुवातीला काही संकेतस्थळे अडतील आणि काही ग्राहक रागावतील. पण हा खर्च कोणी एकट्याने करायचा नसून वाटून घ्यायचा आहे, आणि वाटून घेतला तर तो बिलात शोधूनही सापडणार नाही इतका लहान होतो. गडबच्या शिवारात बांधाला लागून ज्याचे शेत आहे, त्यानेच एकट्याने समुद्र अडवावा असे कोणी म्हणत नाही. आतल्या शेताचा धनीही मातीची टोपली घेऊन बांधावर येतो, कारण खांड पडली की पाणी आपल्या खाचरापर्यंत येणार हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. मार्गांचे पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेथे ते आधी कोणीतरी सांगावे लागते, मग विचारावे लागते, आणि मगच मागावे लागते.